दोन लॉन, एक सावधान

राहात्यापासून कोपरगावपर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात माझं नाव काढा, कुणीतरी हसून म्हणेल, "त्या साळवे मॅडम व्हय? त्यांच्या कॉम्प्युटरनं एका नवरीचं लग्न अर्ध्यातच लावून टाकलं हुतं." मग सगळे हसतात. मी समोर असले तर मीही हसते, कारण गिऱ्हाइकावर रागावणं किती महागात पडतं ते मला ठाऊक आहे. पण घरी आल्यावर डोकं तापतं. गोष्ट खरी आहे, अपराधी मात्र चुकीचा धरलाय.

म्हणून या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाविषयी लिहा" म्हटलं, तेव्हा मी आधी पानं किती देणार ते विचारलं. त्यांनी सांगितली त्याहून थोडी जास्त मागून घेतली आणि मग हो म्हटलं. जास्तीची पानं त्या एका दुपारसाठी आहेत.

मी मंगल कार्यालयांसाठी वेब ॲप्लिकेशन बनवते. कॉलेजात हे शिकले नाही. राहात्याच्या स्टँडजवळ माझा टायपिंगचा क्लास होता. टायपिंग मेलं तेव्हा मी लग्नपत्रिका छापायला लागले, पत्रिकांमुळे कार्यालयवाल्यांशी ओळख झाली, आणि त्यांच्या तारखांचे घोळ बघून म्हटलं, हे कॉम्प्युटरवर बसवता येईल. इंटरनेटवर बघत, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत शिकले. आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरच्या लग्नात मंगलाष्टकं नसतात. पण हिंदू लग्नं मी जेवढी पाहिली तेवढी एखाद्या गुरुजींनीच पाहिली असतील.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कार्यालयाचं सॉफ्टवेअर म्हणजे तारखांचं बुकिंग. ते सोपं असतं. अवघड काम लग्नाच्या दिवशीचं. लग्न म्हणजे एकाच वेळी चाललेली दहा कामं. स्टेजवर एक टॅबलेट, स्वयंपाकघरात एक पडदा, गेटवर नवरानवरीच्या नावांचा मोठा एलईडी फलक, पार्किंगवाल्याकडे एक मोबाईल. बघणाऱ्याला हे एकच ॲप्लिकेशन दिसतं, पण आत ते वेगवेगळ्या तुकड्यांनी बनलेलं असतं. आम्ही त्यांना कंपोनंट म्हणतो. प्रत्येक तुकड्याला आपलं काम चोख करता येतं. खरा प्रश्न एवढाच की एकाला कळलेलं दुसऱ्याला कसं कळवायचं.

मी सुरुवातीला अडाण्यासारखं केलं होतं. स्टेजच्या तुकड्याला स्वयंपाकघराचं नाव-गाव पाठ, स्वयंपाकघराला फलकाचं, फलकाला पार्किंगचं. लग्न लागलं की स्टेज एकेकाला हाक मारत सुटायचं. एकाचा पाय दुसऱ्यात अडकलेला. एकदा आमच्या कार्यालयमालकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, आइस्क्रीमचा काउंटर पंगतीच्या मांडवातून बाहेर हलवला. मी त्याचा तुकडा काढला, तर गेटवरचा फलक बंद पडला. आइस्क्रीमचा आणि फलकाचा काय संबंध? काही नाही. पण मी लिहिताना तो लावून ठेवला होता.

(भाऊसाहेबांच्या कार्यालयाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर फुकट जाहिरात होईल.)

त्याच रागात मी एका लग्नाला मागच्या खुर्चीवर बसले होते. शेवटचं मंगलाष्टक संपलं, गुरुजींनी लांबवून "सावधान" म्हटलं आणि अंतरपाट दूर झाला. त्या एका शब्दासरशी बँड सुरू झाला, अक्षता पडल्या, फटाक्यांची माळ पेटली, आचाऱ्यानं पुऱ्या कढईत सोडल्या, पार्किंगवाल्या पोरांनी गाड्या काढायची तयारी केली, आणि मागच्या रांगेतली मंडळी माझ्या पायावर पाय देऊन जेवायला पळाली. गुरुजींनी कुणाला फोन केला होता? कुणालाच नाही. आचारी कोण, बँडवाला कुठं उभा आहे, त्यांना माहीतही नव्हतं. त्यांनी शब्द हवेत सोडला. ज्याचं ज्याचं काम त्या शब्दावर अडलं होतं, तो तो कान देऊन होता.

मी जेवलेच नाही. घरी जाऊन सगळं उकललं आणि नव्यानं विणलं. आमच्या धंद्यात याला इव्हेंट म्हणतात. एक तुकडा पुकारतो, "लग्न लागलं". कुणी ऐकलं, ऐकून काय केलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्याला गरज तो ऐकतो आणि आपापलं काम करतो. आइस्क्रीमचा काउंटर हलवा, काढा, दोन करा, स्टेजला पत्ता लागत नाही. ही कल्पना जगात जुनीच आहे, मी शोधली असं म्हणत नाही. पण मला ती कुणी शिकवली नाही, एवढं खरं.

याचा पहिला फायदा आमचे आचारी किसनमामा यांना झाला. आधी मी त्यांच्या पडद्यावर मुहूर्ताची वेळ टाकायचे. पण आमच्या भागात मुहूर्त पत्रिकेत असतो आणि लग्न पुढाऱ्यांच्या हातात. आजी आले, माजी आले, भावी आले. प्रत्येकाचा फेटा, शाल, नारळ, आणि "दोनच शब्द बोलतो" म्हणून सुरू झालेलं भाषण. मुहूर्त टळून जातो, नवरी बसून बसून झोपते, आणि घड्याळाप्रमाणे तळलेल्या पुऱ्या चामड्यासारख्या होतात.

"मॅडम," किसनमामा एकदा पुरी ताणून दाखवत म्हणाले, "ही पायात घालायची का तोंडात?"

"मामा, मी वेळ बरोबर दिली होती."

"वेळेनं लग्न लागतं का आपल्याकडं? लागलं की सांगा, तळतो. तवर तेल गरम करून बसतो मी."

त्या दिवसापासून घड्याळ काढून टाकलं. लग्न लागलं की स्टेजवर बसलेला माणूस बटण दाबतो, आणि मामांच्या पडद्यावर हिरवं येतं. त्यांच्या पुऱ्या आता तालुक्यात नाव काढतात. माझं नाव कोण काढतो?

एक खोड मात्र या पद्धतीला आहे. ऐकणाऱ्याला कामावरून काढायचं विसरलं की तो बसून राहतो. लग्न संपलं, पाहुणे गेले, पण फलकाचा कालचा तुकडा आत कुठंतरी कान देऊन जिवंतच असतो. आज कुणी "वरात आली" म्हणून पुकारलं की आजचाही बोलतो आणि कालचाही. तसं एका लग्नात झालं. गेटवरच्या फलकावर नवरा आजचा आणि नवरी कालची झळकायला लागली. नवरदेव घोड्यावर, आणि त्याचे मित्र खालून ओरडतायत, "बदलून घ्यायची का रं? बघ, अजून येळ हाय!" नवरदेव घोड्यावरूनच मला म्हणाला, "मॅडम, तेवढं लवकर करा. ती बघती हाय तिकडून." मी पळत जाऊन फलक बंद केला. तेव्हापासून काम झालं की आधी ऐकणाऱ्याला रजा द्यायची, हा माझा नियम आहे.

हे सगळं चालू असताना भाऊसाहेब काय करत होते? चांगलं चाललं की पाहुण्यांना सांगत होते, "आयडिया माझी हाय. मॅडम फक्त टाइप करतात." काही बिघडलं की, "मॅडमचं सॉफ्टवेअर हाय, त्यांनाच इचारा." शेजारच्या गावांत मला दोन-तीन कामं मिळाली, तीही त्यांच्या पाहुण्यांकडे, आणि तिथंही हेच पुराण. मी टायपिंगवाली बाईच राहिले.

त्यांनी दुसरं लॉन बांधलं तेव्हा मी दर सांगितला. ते म्हणाले, "दुसऱ्याचं काय येगळं करायचंय? तेच हाय की. एकावर एक द्या."

"भाऊसाहेब, तुम्ही पहिल्या लॉनच्या भाड्यात दुसरं देता का लोकांना?"

"ती जागा हाय. जागेला पैसे पडतात."

"आणि डोकं काय बांधावर उगवतं?"

ते हसले, मी उठले. आमची घासाघीस नेहमी अशीच संपते. चार दिवसांनी पुन्हा फोन येतो आणि मधला आकडा ठरतो. या खेपेला फोन आला नाही. मला वाटलं, दुसरं लॉन अजून तयार नसेल.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नुसतं "लग्न लागलं" पुकारणं एका लॉनला पुरतं. दोन लॉन झाली की "पहिल्या लॉनवर लग्न लागलं" असं पुकारावं लागतं, आणि दुसऱ्या लॉनच्या तुकड्यांना सांगावं लागतं की आपल्या नावाचं नसेल ते ऐकून सोडून द्या. काम फार मोठं नाही, पण जागोजागी करावं लागतं. माझ्या दरात तेच होतं.

भाऊसाहेबांनी काय केलं? त्यांचे मॅनेजर दिगूभाऊ यांना बाजारात पाठवून नवे टॅबलेट आणवले आणि त्यांच्यावर पहिल्या लॉनचीच लिंक उघडून दिली. दिसायला सगळं तसंच. वर भाऊसाहेब खूश, की मॅडमला कळलंच नाही. मला खरंच कळलं नव्हतं. कारण पहिले काही दिवस दोन्हीकडे एका वेळी लग्नच नव्हतं.

मग दाट लग्नतिथीचा तो दिवस आला.

त्या दिवशी मी नेवाशाच्या विमलताईंना बोलावलं होतं. त्यांचं स्वतःचं कार्यालय आहे, आणि नवरा गेल्यापासून त्या एकट्या ते चालवतात. भाऊसाहेबांशी त्यांचं नातं नाही, गोतं नाही. त्यांनी काम दिलं तर ते माझ्या नावावर मिळालेलं पहिलं काम होणार होतं, मध्ये "आयडिया माझी" म्हणणारं कुणी नसताना. मी त्यांना फोनवर म्हटलं होतं, "सांगत नाही काही. लग्नात येऊन बसा, आणि बघा." त्या म्हणाल्या होत्या, "बघते. पण जेवायच्या आधी भाव करायचा न्हाई, आन् जेवल्यावर पटकन व्हय म्हणायचं न्हाई, ही आमची पद्धत." तेव्हाच ओळखलं, बाई आपल्या वरताण आहे.

दोन्ही लॉनवर लग्न होतं. दुसऱ्या लॉनवर टॅबलेट दिसले तेव्हा माझ्या कपाळावर आठी आली, पण विमलताई शेजारी होत्या, म्हणून गप्प बसले. दुसऱ्या लॉनची नवरी शीतल. एसटीत कंडक्टर. तिचे वडील, आबा, पेरूच्या बागेचे मालक. बँडजवळ एका खांबाला लाल दिवा लावला होता. भोंग्यांच्या गोंगाटात बँडवाल्यांना गुरुजींचं ऐकू येत नाही, म्हणून पहिल्या लॉनवर मीच ती सोय केली होती, दिवा लागला की वाजवायचं. दिगूभाऊंनी तिचीही नक्कल इथं करून ठेवली होती.

आम्ही बसलो होतो त्या दुसऱ्या लॉनवर अंतरपाट धरला गेला. दोन मामांनी दोन टोकं धरली. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, थोड्या अक्षता पडल्या. दुसरं सुरू झालं. आणि शेजारच्या लॉनवर लग्न लागलं.

तिकडच्या माणसानं बटण दाबलं. इकडचा लाल दिवा लागला.

बँडमास्तर सलीमभाईंनी हात वर केला आणि ताशे तडतडले, कर्णे सुटले. पाहुण्यांनी ओंजळीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता फेकल्या. फलकावर गुलाबांच्या पाकळ्या पडायला लागल्या, "नवदांपत्यास शुभेच्छा". इकडच्याच जेवणाच्या मांडवात किसनमामांनी पुऱ्या सोडल्या, आणि तळणाचा वास आल्यावर आमच्या जिल्ह्यातला माणूस खुर्चीत बसत नाही. बघता बघता लॉन रिकामं झालं. कुणाला पत्ता नाही, की अंतरपाट अजून धरलेलाच आहे.

स्टेजवर उरले गुरुजी, दोन मामा, नवरा, नवरी आणि आबा. नवऱ्याचे वडीलसुद्धा जेवायला गेले होते.

गुरुजींचं तोंड उघडंच होतं. ते म्हणाले, "अहो, माझं दुसरंच चाललंय अजून!"

आबा लाल झाले. "गुरुजी, आधी ह्ये सांगा. आमच्या पोरीचं लग्न लागलं का न्हाई?"

"अंतरपाट दूर झालेला नाही. लागलं नाही."

"आन् लोकं तर जेवायला बसली! उद्या गावात म्हणतील, आबाच्या पोरीवर अक्षता पडल्या पण लग्न न्हाई लागलं. जन्माचा बोल राहील तिला."

भाऊसाहेब धापा टाकत आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांचं सॉफ्टवेअर हाय!"

माझ्या मागे विमलताई उभ्या. मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. छापण्यासारखं एवढंच, की "हे टॅबलेट कुणी लावले, ते आबांना सांगा." भाऊसाहेब दिगूभाऊंकडे बघायला लागले, आणि दिगूभाऊ आकाशाकडे. पण भांडायला वेळ नव्हता. गुरुजी घड्याळ बघत होते. "मुहूर्त अजून आहे," ते म्हणाले, "पण थोडाच."

मी फोन काढला. सगळीकडचे पडदे माझ्या फोनवरून चालतात. पण करणार काय? या धंद्यात एक कडक सत्य आहे, पुकारलेलं परत गिळता येत नाही. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, कामं केली, विषय संपला. "लग्न लागलं नाही" असा इव्हेंट मी कधी लिहिलाच नव्हता. कशाला लिहिला असता? आणि लिहिला असता तरी ताटावर बसलेल्या माणसाला उठवणारा इव्हेंट अजून कुठल्याच कंपनीनं बनवलेला नाही. मी दुसऱ्या लॉनचे सगळे तुकडे बंद केले, दिव्याची वायर उपटली, आणि पुढं काय ते सुचेना.

तेवढ्यात अंतरपाटाच्या आडून शीतल म्हणाली, "आबा, लोकं येत न्हाईत तर आपुन जाऊ की."

"कुठं?"

"पंगतीत. रोज मी तेच करते. पाशिंजर माझ्याकडं येतो का? मीच जाते त्याच्याकडं."

पलीकडून नवरा, आतापर्यंत मुका, म्हणाला, "मला चालंल."

"तुला कुणी इचारलंय?" एक मामा म्हणाले. मग स्वतःच हसले. आणि त्या हसण्यानं आबांचाही चेहरा सैल झाला. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "शास्त्रात स्टेज कुठं लिहिलंय? चला. पण एकमेकांचं तोंड बघायचं नाही."

अशी ती वरात निघाली. मध्ये अंतरपाट, वाऱ्यानं शिडासारखा फुगलेला. एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा, दोघांनाही समोरचं दिसत नाही. मामा आडवे चालतायत, "खुर्ची हाय, डावीकडं! वायर हाय, पाय उचला!" गुरुजी पुढं, पंचा सावरत. मागे आबा. आणि सलीमभाई ताशेवाल्यांना घेऊन माझ्या शेजारी. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, दिवा लागला म्हणून वाजवलं. आता कुणाचं ऐकू?"

"गुरुजींचं. अगदी जवळ उभे राहा. आणि दिव्याकडं बघू नका."

मांडवात पंगती भरात होत्या. वाढपी बुंदी घेऊन पळतायत, कुणी मठ्ठा मागतंय, कुणी शेजाऱ्याशी उसाच्या तोडीवर बोलतंय. गुरुजींनी दोनदा खाकरून पाहिलं. कुणी मान वर केली नाही. माईक स्टेजवर राहिला होता.

माझा आवाज मोठा आहे. त्यापायी मी आयुष्यभर टोमणे खाल्ले आहेत. मी एका खुर्चीवर चढले आणि ओरडले, "घास खाली ठेवा! लग्न अजून लागायचंय!"

हात ताटातच थांबले. पळी कुठंतरी भांड्यावर आपटली, तेवढाच आवाज.

मग एका म्हाताऱ्या पाहुण्यानं हातातली पुरी बघत विचारलं, "आन् मग आमी ह्ये काय खाल्लं?"

"साखरपुड्याचं समज, तात्या!" कुणीतरी ओरडलं, आणि अख्खा मांडव हसायला लागला. शीतल तर अंतरपाटाला धरून हसत होती. आबासुद्धा हसले. ते हसले तिथंच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

पण अडचणी संपल्या नव्हत्या. अक्षता सगळ्या लॉनवर सांडल्या होत्या, कुणाकडे दाणा नव्हता. मी किसनमामांकडे पाहिलं. ते लगेच कोठीत शिरले. परातभर कोरडे तांदूळ घेतले, त्यात हळदीचा डबा उपडा केला, पाण्याचा शिपका मारला आणि दोन्ही हातांनी कालवत आले. "सकाळीच निवडल्यात," ते म्हणाले, "खडा सापडला तर माझं नाव बदला."

लोक हात पुढे करायला लागले तोच नवऱ्याची आजी कडाडली, "खरकट्या हातानं अक्षता? हात धुवा आधी!" सगळे नळाकडे धावले असते तर मुहूर्त गेलाच होता. पण वाढप्यांनी बुंदीच्या टोपल्या खाली ठेवल्या, पाण्याचे जग उचलले आणि पंगतीतून पाणी सोडत गेले. बसल्या जागी ताटातच हात धुतले लोकांनी. मठ्ठ्यात, आमटीत, कुठंही. मागून परात फिरली. आजीनं स्वतः पहिली मूठ घेतली.

गुरुजींनी दुसरं मंगलाष्टक पहिल्यापासून म्हटलं. मग तिसरं, मग पुढची. ताटांना कुणी हात लावला नाही. एरवी मंगलाष्टकांच्या वेळी अर्धे लोक मोबाईल बघत असतात, अर्धे मांडवाकडे. त्या दिवशी प्रत्येक माणूस गुरुजींच्या तोंडाकडे बघत होता. न जाणो, पुन्हा चुकायचं. सलीमभाई तर इतके जवळ की त्यांचा कर्णा गुरुजींच्या पगडीला टेकला होता. शेवटचं "सावधान" आलं, लांबलं, संपलं. अंतरपाट दूर झाला. शीतल आणि तिचा नवरा एकमेकांकडे बघून इतके हसायला लागले की हार घालायचं भान राहीना. ताशे कडाडले, आणि हळदीच्या पिवळ्या अक्षता सगळ्यांच्या डोक्यावर, ताटांत, बुंदीत, मठ्ठ्यात पडल्या.

मी एवढी लग्नं बघितली. असं लागलेलं दुसरं नाही बघितलं.

शीतल माझ्याजवळ आली, मुंडावळ्या सावरत. मी म्हटलं, "बाई, तुला त्रास झाला." ती म्हणाली, "मॅडम, तुमी आमच्या डेपोत या. असला आवाज तिथं वाया जाणार न्हाई." आबांनी मला आग्रहानं बसवलं आणि स्वतः पान वाढलं. मी खाली मान घालून जेवले. रडले असते, पण पंगतीतल्या ताटांत आधीच बरंच पाणी होतं.

एक सल मात्र मनात राहिला. त्या दिवसाची गोष्ट गावोगाव गेली आणि जाताना दिगूभाऊंचे टॅबलेट वाटेत गळून पडले. माझं नाव तेवढं राहिलं. भाऊसाहेबांनी नंतर दुसऱ्या लॉनचं काम माझ्याकडूनच करून घेतलं, मी मूळ सांगितलेल्या दरात, एक शब्द न बोलता. मला त्यानं समाधान व्हायला हवं होतं. अर्धंच झालं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी विमलताई माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. केसांत हळदीचे तांदूळ, हातात ताट. मी मनात म्हटलं, गेलं हे काम. नेवाशाला पोचायच्या आत ह्या सगळ्यांना सांगतील.

त्या बुंदीतले तांदूळ एकेक निवडून बाजूला ठेवत होत्या.

"त्या दोन लॉनचं एकात कसं मिसळलं, ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "मागं उभी हुते. सगळं ऐकलं."

"मग?"

"आमचंबी दुसरं लॉन बांधायला काढलंय."

"मग प्रत्येक हाकेला लॉनचं नाव लागेल. त्याचं वेगळं पडेल. त्यात घासाघीस नाही."

"घासाघीस कशात न्हाई, त्ये मी ठरवीन. आन् त्यो लाल दिवा नको. आमचा बँडवाला कानानं वाजवतो."

"दिवा काढला तर त्याचं कमी होईल."

"किती कमी?"

मी सांगितलं. त्या हसल्या. मग त्यांनी त्यांचा आकडा सांगितला, आणि मी हसले. शेजारी ताशे वाजतच होते, काही ऐकू येत नव्हतं. म्हणून आम्ही दोघींनी खुर्च्या जवळ ओढल्या, आणि नीट बसलो.